ओळख न देणारे साडूभाऊ

आमच्या हिंगोली जिल्ह्यात माझ्या साडूभाऊंइतकी माणसं कुणी ओळखत नसेल, आणि त्यांच्याइतकी ओळख कुणी नाकारतही नसेल. एका सरकारी दवाखान्यात ते गुप्तरोगाच्या पेशंटांना सल्ला देत. गुप्ततेची व्यवस्था तिथे चोख होती. खोलीवर हातभर अक्षरांत ‘गुप्तरोग विभाग’ लिहिलं होतं, खोली नेमकी केसपेपरच्या रांगेसमोर होती, आणि शिपाई व्हरांड्यातून हाळी देई, “गुप्तवाले इकडं बसा.” उरलेली गुप्तता राखायचं काम एकट्या साडूभाऊंकडे होतं. ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

बाजारात ते पेशंटला ओळख देत नसत. “मी रामराम घातला की बाजूचा इचारतो, साहेब तुमाला कसे वळखतेत?” पण लोक हुशार. साहेब ज्याला पाहून तोंड फिरवतात तो पेशंट, असा हिशेब लवकरच पक्का झाला. तेव्हा साडूभाऊंनी सगळ्यांचीच ओळख सोडली. तहसीलच्या बाबूची, सोयऱ्यांची, माझीसुद्धा. मेहुणी भाजी घेई आणि हे मागे पिशवी धरून परक्यासारखे उभे. ती म्हणे, “घरी आल्यावर वळखतेत, तेवढं बराबर हाय.”

माझ्या लेकीला सेनगावचं स्थळ आलं. शेती, पगार, भावांचे वाटे, सगळं मी मांडून पाहिलं, जमत होतं. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं की मुलाला त्या खोलीसमोर उभं पाहिलंय. आता लग्न मोडावं की करावं? मी साडूभाऊंचं घर गाठलं.

“पोरगं तुमच्याकडं आलतं का, एवढंच सांगा.”

“न्हाई सांगत.”

“आलंच नसेल तर तसं म्हणायला तुमचं काय जातं?”

“आज ह्याचं न्हाई म्हणलो, अन् उद्या दुसऱ्याच्या पोराचं गप बसलो, तर त्याचं लग्न मोडलंच की.”

“काहून अडून बसलात? पोर तुमच्या मांडीवर खेळलेली हाय.”

“म्हणूनच सांगून राहिलो. दोघांनीबी तपासून घ्यावं. कागद एकमेकांना दाखवावेत. तुमाला न्हाई, अन् मलाबी न्हाई.”

आतून मेहुणी म्हणाली, “दाजी, च्या घ्या. ह्या घरात तेवढाच भेटतो.”

दोघांनी तपासण्या केल्या. मी रिपोर्टच्या पाकिटाकडे हात केला तर लेक म्हणाली, “बाबा, ते आमचं दोघांचं आहे.” लग्न झालं. त्या पाकिटात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. लेक सुखात आहे. एवढ्यावर मला हिशेब मिटवावा लागला.

साडूभाऊ आता निवृत्त आहेत. इतकी वर्षं कुणाला ओळख दिली नाही, त्यामुळे त्यांना रामराम घालायची सवयच कुणाला उरलेली नाही. परवा जवळा बाजार या गावी आम्ही हॉटेलात चहा घेतला. मी पैसे काढले तर हॉटेलवाला म्हणाला, “दिले. साहेबांच्या च्याचे पैसे दर बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी देतंय.”

“कोण?” साडूभाऊंनी विचारलं.

“नाव सांगायचं न्हाई म्हणलेत, साहेब.”

साडूभाऊंनी सगळीकडे नजर फिरवली. जो तो आपापल्या कपात बघत होता. त्यांनी मान खाली घातली आणि उरलेला चहा फार सावकाश प्यायला. दोन चहांचे वीस रुपये हॉटेलवाल्याला पोचले होते. कुणी दिले, हे साडूभाऊंनी ओळखलं असणार. मी विचारलं नाही.