इंग्रजीतला पूर्णविराम

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हंगाम. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मी वाढपी होतो, तोही हंगामी. म्हणजे ऊस संपला की मीही संपलो. घर दापोलीच्या पलीकडे, खाडीच्या काठी. तिथं परत जाऊन करण्यासारखं काही असतं तर शाळा सोडून मुंबईला कशाला गेलो असतो? मुंबईत एका हॉटेलात तीन वर्षं गोऱ्या पाहुण्यांची ताटं उचलली. त्या ताटांबरोबर जेवढं इंग्रजी अंगाला लागलं, तेवढंच माझं.

एका सकाळी दिल्लीहून आलेल्या पाहुण्याला मी विचारलं, "मोर टोस्ट, सर?" तो काहीतरी म्हणाला, मीही काहीतरी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. दारात चेअरमन उभे होते. हंगाम संपायच्या आधीच मी संपलो असं वाटलं. संध्याकाळी बोलावणं आलंच.

"तुला विंग्रजी येतं व्हय रं?"

"थोडं, साहेब."

"थोडंच पायजे. आमास्नी शिकीव."

मामला असा होता. मागच्या वर्षी यंत्रं बघायला एक परदेशी जाणकार आला होता. दिवसभर तो आणि आमचे चीफ इंजिनिअर इंग्रजीत बोलत होते, मधूनमधून हसत होते. संचालक मंडळ मागून चालत होतं, कोण चेअरमन हेही कुणी त्याला सांगितलं नाही. आपल्याच कारखान्यात आपणच बहिरे. आता तोच माणूस महिन्याभरात पुन्हा यायचा होता.

मी भीतभीत म्हटलं, "इंजिनिअरसाहेब माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील."

"त्याच्याम्होरं चुकायचं? त्यो हासंल. तू हासशील का?"

"नाही, साहेब."

"हासलास तर उद्याची यष्टी. न्हाई हासलास आन् आमी बोलाय लागलो, तर तुला कायम करू."

'कायम' हा शब्द ऐकून मला चहाचा ट्रे खाली ठेवावा लागला. सातवी नापास माणसाला त्या रात्री झोप आली नाही, हे सांगायला नको.

गेस्ट हाऊसच्या जेवणघरात वर्ग भरू लागला. पाच विद्यार्थी: चेअरमन आणि चार संचालक. सगळे धोतर-टोपीतले, दोनशे माणसांना एका आवाजात गप्प करणारे. माझ्यापुढे मात्र खुर्चीच्या कडेवर बसत. पुस्तक नव्हतं. माझ्याजवळची चाळीस-एक वाक्यं मी रोज दोन-तीन अशी वाटायला घेतली. गुड मॉर्निंग, सर. डिड यू स्लीप वेल, सर? एनीथिंग एल्स, सर? राइट अवे, सर.

चौथ्या दिवशी सगळ्यांत म्हातारे संचालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, अडले.

"मास्तर, दरखेपी 'सर' कशापायी? पैसं आमचं, कारखाना आमचा. सर त्यानं म्हनायचं आमाला."

"आबा, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

मी फसवत नव्हतो. मला खरंच वाटायचं की 'सर' हा इंग्रजीतला पूर्णविराम आहे. 'सर' न लावता संपलेलं इंग्रजी वाक्य माझ्या तोंडून कधी गेलंच नव्हतं.

उभं राहायचं कसं, तेही शिकवलं. मुंबईत मी शिकलो तसंच: किंचित पुढे वाकून, उजवा हात मागे, डाव्या हातावर नॅपकिन. नॅपकिन कुठून आणणार? पाचही जणांनी उपरणी घडी करून डाव्या हातावर टाकली.

"बोलायचं तोंडानं, मंग कंबर कशाला वाकवायची?" आबा कुरकुरले.

"विंग्रज लोकं आशीच बोलत्यात," चेअरमननी दटावलं. "शिकायचं तर समदं शिकायचं."

तो दिवस उजाडला. परदेशी पाहुणे अकराला जीपमधून उतरले. पाहतात तो पायरीवर पाच संचालक ओळीनं, किंचित वाकलेले, डाव्या हातावर उपरणी.

"गुड मॉर्निंग, सर. डिड यू स्लीप वेल, सर?" चेअरमन खणखणीत बोलले. बाकी चौघांनी तेच म्हटलं, चार वेळा. शेजारी इंजिनिअर उभे होते. त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला.

पाहुणे आत येऊन बसले. चेअरमननी पुढचं वाक्य टाकलं. "एनीथिंग एल्स, सर?"

पाहुण्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि काहीतरी सांगितलं. चेअरमन म्हणाले, "राइट अवे, सर," आणि तडक स्वयंपाकघरात आले.

"मास्तर, काय म्हनला रं त्यो?"

मी दाराआडून ऐकलं होतं. "चहा मागितला, साहेब. बिनदुधाचा, बिनसाखरेचा."

"बिनसाखरंचा? हितं?" त्यांनी खिडकीतून साखरेच्या गोदामाकडे पाहिलं. "आसंल त्याची रीत. कर लवकर."

चहा करून मी ट्रे उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "तू कुटं चाललास? बोलनं माझ्यासंगं चाललंय."

आणि चेअरमन ट्रे घेऊन बाहेर गेले. मी पुन्हा दाराआड उभा राहिलो. बाहेर पाहुणे इंजिनिअरना विचारत होते, "व्हेअर इज द चेअरमन?" इंजिनिअरनी नुसतं ट्रेकडे बोट दाखवलं.

पाहुणे ताडकन उठले. आता सगळं उघड होणार म्हणून मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. पण त्यांनी ट्रे काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि चेअरमनचा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिले. दुपारी भाषणात ते म्हणाले, इतके नम्र चेअरमन त्यांनी कुठल्याच देशात पाहिले नाहीत. हे भाषांतर इंजिनिअरनाच करावं लागलं.

जाताना इंजिनिअर स्वयंपाकघरात डोकावले.

"कुठल्या हॉटेलात होतास?"

मी नाव सांगितलं.

"वाटलंच. बरं शिकवलंस. आता ताटं उचलायला मात्र शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मला मंडळाच्या बैठकीत बोलावलं. चेअरमन क्लार्कला म्हणाले, "याला कायम करा." क्लार्कनं फॉर्म काढला. "शिक्षण?"

"सातवी," मी म्हटलं. 'नापास' घशातच राहिलं.

"मराठी सातवी का इंग्रजी सातवी?" इंग्रजी सातवी म्हणजे जुनी मॅट्रिक.

"मराठी, तीही—"

"मराठी कशी?" चेअरमननी मला तोडलं. "विंग्रजी शिकवतोय न्हवं? विंग्रजी लिही."

तेवढ्यात आबांनी हात वर केला. क्लार्कची लेखणी थांबली.

"एक इचारतो, मास्तर. आमी दरखेपी त्याला सर म्हनलो. त्यो एकदाबी म्हनला न्हाई. त्ये कसं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कोपऱ्यात इंजिनिअर छताचा पंखा बघत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्याचं इंग्रजी अजून कच्चं असेल, आबा."

आबांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"मंग पुढच्या खेपंला त्यालाबी बशीव वर्गात," ते म्हणाले. "लिही रं, कायम."

त्या संध्याकाळी मी घरी कार्ड टाकलं: वाढपी म्हणून कायम झालो. मास्तर झालो होतो हे लिहिलं नाही. माझी सातवी कशी गेली, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.