खिडकीतला उजेड

रविवारी सकाळी आमच्या चित्रपट मंडळाने महामंदीच्या काळातला एक जुना परदेशी चित्रपट दाखवला. कारखाना बंद पडतो, नायक प्रेयसीला मागे ठेवून कामाच्या शोधात जातो आणि सहा वर्षांनी परततो, तेव्हा ती त्याला एका वेश्यागृहात सापडते. मग तो रडतो. दाराला धरून रडतो, खिडकीशी जाऊन रडतो. वर तिलाच विचारतो, "तू अशी कशी झालीस?" सहा वर्षं तू खाल्लंस काय, हे विचारायचं काही त्याला सुचत नाही.

मला त्याचा इतका वैताग आला, की मी त्याच्याकडे बघणंच सोडलं. म्हणून तर कोपऱ्यात बसलेली तिथली दुसरी बाई दिसली. ती फाटका मोजा शिवत होती आणि हा नेमका तिच्या खिडकीत उभा. तिने एकदा मान वर केली, खुर्ची सरकवली आणि उरलेल्या उजेडात पुन्हा टाके घालू लागली. त्याच्या सगळ्या रडण्यापेक्षा तिचं ते सरकणंच माझ्या डोक्यात बसलं. किती सवयीचं होतं ते.

घरी येऊन मी खिडकीपाशी पाटावर तांदूळ निवडायला बसले. सोबत आलेले आमचे हे अजून हळहळतच होते. "बिचारा," खिडकीत उभे राहून ते म्हणाले, "किती सोसलं गं त्याने."

ताटातले खडे दिसेनासे झाले. मी पाट सरकवायला हात घातला आणि थांबले.

"तुम्ही सरका," मी म्हटलं.