साळवे सरांना मिळालेली वर्षं

साळवे सर गेल्याचं मला सुवार्तानं फोनवर कळवलं. मी मागच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते. "बाई, साळवे गेले," ती म्हणाली, आणि ड्यूटीवरच्या नर्सनं सांगावं तशा आवाजात पुढे म्हणाली, "न्यूमोनिया आवरला नाही. पहाटे गेले. दफन अलिबागला आहे. एवढ्या लांब तुम्ही येऊ नका... अण्णांची मंगळवारची सोय काय करताय, ते बघा." नवरा जाऊन काही तासच झालेली बाई माझ्या भावाच्या डायलिसिसची आठवण करत होती.  मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मी गेलेच. बोर्लीहून आम्ही बरेच जण गेलो होतो. अलिबागच्या दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा कधी डोळे मिटायचे आणि कधी 'आमेन' म्हणायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेतले जुने सहकारी, बाजारपेठेतले दुकानदार, भरडखोलचे दोन-तीन कोळी, दाढी पांढरी झालेले हमीदभाई, सगळे मागे उभे होते. सुवार्ता पुढे होती. तिनं मूठभर माती टाकली, हात झाडला आणि बाजूला झाली. आता त्या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला. सर काही प्रसिद्ध माणूस नव्हते. पण त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडली, आणि तिचा अर्थ काय लावायचा यावरून त्या घरात जे झालं, ते मी जवळून पाहिलं आहे.

शांतवन साळवे आमच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला नगरकडून आले, तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. उंच, किंचित वाकलेले, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. रागही चटकन यायचा. स्टाफरूममध्ये क्रिकेटवरून कुणाशी वाजलं की दोन-दोन दिवस त्या माणसाशी बोलायचे नाहीत. सुवार्ता प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. ती कमी बोलायची आणि बोलली की तोडून बोलायची. मूलबाळ नव्हतं. आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला त्यांनी भाड्यानं घर घेतलं आणि पुढे तेच विकत घेऊन कायमचे इथले झाले. गावात ख्रिस्ती घर ते एकच. महिन्यातून एकदा दोघं अलिबागला चर्चला जायची, एरवी रविवारची उपासना घरीच. सर मोठ्यानं गायचे आणि फार बेसूर गायचे. माड-पोफळींच्या पलीकडून तो आवाज यायचा आणि माझे थोरले भाऊ अण्णा झोपाळ्यावरून म्हणायचे, "शालू, देवाची परीक्षा सुरू झाली बघ."

मग सरांच्या किडन्या निकामी झाल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आठवड्यातून दोनदा एसटीनं माणगावला जायचं, मशीनला लागायचं, परत यायचं. म्हसळ्याचा घाट चढताना ओकाऱ्या व्हायच्या. पाणी मोजून प्यायचं. शहाळं तर पूर्ण बंद. आमच्या वाडीत शहाळी उतरवत असले की ते कुंपणाशी यायचे, बघत उभे राहायचे आणि निघून जायचे. त्या काळात त्यांचं बोलणं संपलंच होतं. शाळेत खुर्चीवर बसून शिकवायचे. एकदा मी विचारलं, "सर, प्रार्थना करता ना?" म्हणाले, "दुसरं काय करतो, बाई? रोज एकच. मला बरं कर."

दोन वर्षांनी सुवार्तानं आपली किडनी दिली. "जुळतेय, मग देणार," एवढंच तिनं मला सांगितलं आणि आमच्या परसातली जास्वंदीची फुलं देवासाठी न्यायला तुम्ही मागच्या दारानं येता, ते तसंच येत जा, घर बंद आहे म्हणून लाजू नका, असं बजावून मुंबईला गेली. ऑपरेशन नीट झालं. काही महिन्यांनी सर परतले ते ओळखू न येण्याइतके टवटवीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल, तर आमच्या वाडीत येऊन अख्खं शहाळं प्यायलं. शेवटचा घोट गिळल्यावर बराच वेळ नारळ हातात धरून उभे होते. अण्णांसारख्या माणसानंही त्या दिवशी चेष्टा केली नाही.

त्यानंतर त्यांच्या अंगणात आभाराची प्रार्थना झाली. अलिबागहून पाळकसाहेब आले. आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावणं होतं. पाळकसाहेबांनी सरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागितला. मग सर बोलायला उभे राहिले. देवानं मला नवं आयुष्य दिलं, ते त्यानं माझ्या एकट्यासाठी दिलेलं नाही, आता ते ज्यांच्यासाठी दिलं त्यांना मी शोधणार आहे, असं काहीसं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. सुवार्ता स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ती आत गेली.

हे बोलणं समारंभापुरतं असेल असं मला वाटलं होतं. पण सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, एक जुनी व्हॅन घेतली आणि ज्या रस्त्यावर त्यांनी ओकाऱ्या काढल्या होत्या, त्याच रस्त्यानं डायलिसिसच्या माणसांना माणगावला न्यायला लागले. बोर्लीतले हमीदभाई, भरडखोलच्या हिराबाई, आणखी एक-दोघं. हिराबाई मासळी विकणारी विधवा कोळीण, एसटीत चढताना दोनदा पडलेली. पहाटे व्हॅन त्यांच्या दारात उभी राहायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मना वाटला, मास्तर वाट चुकला." हमीदभाईंनी तर सरळ निकालच दिला. "सर, अल्लानं तुमाला बरा केलान, तो आमच्यासाठी केलान."

पुढच्याच वर्षी अण्णांच्याही किडन्यांनी दगा दिला. गावात कुजबुज होती की साळवे व्हॅनमध्ये लोकांना ख्रिस्ताचं सांगतात. मी ते अण्णांच्या कानावर घातलं. त्यांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "मला बाटवून त्याला काय मिळणार आहे? एक आजारी म्हातारा?" म्हणाले आणि मंगळवारी जाऊन बसले. व्हॅनमध्ये सर क्रिकेटचं सांगायचे. अण्णा घरी येऊन तक्रार करायचे की याच्यापेक्षा धर्माचं बोलला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. सुवार्ताला ते छान वाटत नव्हतं.

एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. तिनं विळी माझ्याकडून ओढून घेतली आणि स्वतः खवायला लागली. "बाई, दुसऱ्याची किडनी शरीर बाहेर फेकू बघतं. तसं होऊ नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवलीय. साध्या सर्दीनं माणूस जाऊ शकतो. आणि हे दिवस दिवस हॉस्पिटलात बसतात... खोकणाऱ्यांच्या शेजारी." मी म्हटलं, "तू सांगितलंस ना त्यांना?" ती म्हणाली, "सांगितलं की. म्हणतात, देवानं दिलंय, देव बघेल." मग खवणं थांबवून म्हणाली, "देवानं दिलं असेल. पण माझ्या कुशीतून काढून दिलं. मी दिली ती हे माझ्याबरोबर म्हातारे व्हावेत म्हणून. लोकांना वाटून टाकायला नाही. त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, बाई... माझं नावसुद्धा घेतलं नाही. आणि पुढं काय करायचं, तेही मला न विचारता ठरवलं."

तिचं म्हणणं मला पटलं. सरांशी बोला, असं ती म्हणाली. व्हॅन बंद झाली तर अण्णांची पंचाईत होणार, हे दोघींनाही कळत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, मीही नाही. संध्याकाळी मी कुंपणापाशी सरांना गाठलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. कुंपणाच्या दगडी गडग्यावर हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "आजारात मी एकच प्रार्थना करत होतो, बरं कर म्हणून. बरा झालो, आणि प्रार्थनेला बसलो की शब्दच सुचेनात. काय मागायचं आता? मग वाटलं, आता मागायची पाळी त्याची. म्हणून हे सुरू केलं. पण... तिला विचारायचं राहिलं. खरंच राहिलं, बाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कळवलं की काही दिवस गाडी बंद राहील. कारण सांगितलं नाही.

अण्णांना मी भाड्याच्या रिक्षानं न्यायला लागले. हमीदभाई मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचे. सर घरी असायचे, सुवार्ताला भाजी चिरून द्यायचे, बाजारात जायचे. रविवारचं गाणं मात्र चालू होतं. आता ते हळू आवाजात म्हणायचे, त्यामुळे थोडं सुरातही लागायचं, आणि अण्णांना ते मुळीच आवडायचं नाही.

अशाच एका रविवारी त्यांची उपासना चालू असताना एक टमटम दारात थांबली. मी वाडीत होते, धावत गेले. आत हिराबाई होत्या. चेहरा सुजून डोळे मिटल्यासारखे झालेले, श्वास घशात घरघरत होता. एसटीच्या संपामुळे त्यांच्या डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. टमटमवाला घाट चढायला तयार नव्हता. "सुवार्ताबाय, मना दम लागतंय गो... मना न्या," एवढंच त्या बोलू शकल्या. सर व्हरांड्यात आले आणि तिथेच थांबले. त्यांनी किल्लीला हात लावला नाही. ते सुवार्ताकडे बघत होते.  सुवार्तानं हिराबाईंची नाडी धरली, पायावर अंगठा दाबून सूज पाहिली, वर बघितलं आणि ओरडली, "बघत काय राहिलात? गाडी काढा!" मागच्या सीटवर हिराबाईंना टेकवून धरत ती स्वतः बसली. माणगावला पोहोचेपर्यंत तिनं त्यांना आडवं होऊ दिलं नाही. हिराबाई वाचल्या.

त्या आठवड्यापासून व्हॅन पुन्हा सुरू झाली, पण सुवार्ताच्या अटींवर. सरांनी मास्क काढायचा नाही. हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाही, बाहेर बदामाच्या झाडाखाली बसायचं. गाडीत कुणाला ताप-खोकला असेल तर त्याची वेगळी सोय ती बघणार. आत जाणं, मशीनला लावलेल्यांपाशी बसणं, डॉक्टरांशी बोलणं हे सगळं ती करणार. ती तोवर निवृत्त झाली होतीच. "आशीर्वाद दोघांना मिळालाय तर दोघं मिळून करू," असं ती मला म्हणाली, आणि त्यात कौतुकाचा सूर नव्हता. पुढच्या वेळी घरी प्रार्थनेला माणसं जमली, तेव्हा सरांनी सुवार्ताला पुढे बोलावून तिचे आभार मानले. फार उशीर झाला होता, आणि त्यांना नीट बोलताही आलं नाही. तिनं "बरं, बसा आता" म्हणून त्यांना खाली बसवलं. पण त्या दिवशी ती ट्रे घेऊन आत गेली नाही, बसून राहिली.

पुढची काही वर्षं तशीच गेली. मग यंदा पावसाळ्यानंतर सरांना खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि पनवेलच्या हॉस्पिटलात त्यांचा शेवट झाला. खोकला कुठून आला? व्हॅनमधून, बाजारातून, की लग्नाला गेले होते तिथून? कुणालाच सांगता येणार नाही. मला वाटलं होतं, सुवार्ता कधीतरी तो प्रश्न काढेल. दहा-बारा दिवसांनी मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती औषधांचे रिकामे डबे धुऊन उन्हात ठेवत होती. तो प्रश्न तिनं काढला नाही. वेगळंच बोलली. "शेवटचे रिपोर्ट मी स्वतः बघितले, बाई. फुप्फुसं गेली, पण किडनी शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालत होती. डॉक्टरही म्हणाले." आणि मग डबा पुसता पुसता, "चांगली होती हो माझी किडनी..." त्यानंतर मात्र ती रडली. फोनवर, दफनभूमीत, कुठेच मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

व्हॅन विकणार का, असं बाजारात दोघा-तिघांनी तिला विचारलं. तिनं नाही म्हटलं. हमीदभाईंचा मुलगा इरफान आता चालवतो. गेल्या मंगळवारी अण्णांना बरं वाटत नव्हतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. सुवार्ता मधल्या सीटवर हिराबाईंच्या शेजारी बसली होती. सर नसताना व्हॅनमध्ये बसायची ही माझी पहिलीच वेळ, आणि बाकीच्यांनाही अजून सवय झाली नसावी, कारण म्हसळा येईपर्यंत कुणी क्रिकेटबद्दलसुद्धा बोललं नाही. समोरच्या काचेवर सरांनी धुळीसाठी ठेवलेलं पिवळं फडकं तसंच होतं. घाट लागल्यावर हिराबाईंनी अचानक विचारलं, "गो सुवार्ताबाय, मास्तराला तू कंच्या बाजूची दिलीस?"

"डावी," सुवार्ता म्हणाली.

हिराबाईंनी आपला हात, सुयांनी गाठाळलेला, मासळीच्या कामानं खरखरीत झालेला, सुवार्ताच्या डाव्या कुशीवर साडीवरूनच ठेवला. सुवार्ता सहसा कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तिनं तो बाजूला केला नाही.

"दुखतंय काय गो कदी?"

"नाही," सुवार्ता म्हणाली. "कधीच नाही दुखलं."

वळणं संपून गाडी सपाटीला लागली, तरी तो हात तिथेच होता.