आठ वड्या आणि एक अंडं

गोकुळाबाईला पाढे येत नव्हते, पण तिला हिशेबात फसवणारा माणूस ब्रह्मपुरीच्या बाजारात अजून जन्माला यायचा होता. ती सारं गंड्यानं मोजायची. चाराचा एक गंडा. मासे, दिवस, घरं, सगळं गंड्यानं. शिकलेली माणसं दहाच्या मागं लागलीत, लागोत बापडी. खरं विचाराल तर हिचंच बरं होतं. हाताला मोजायची बोटं चारच, अंगठा तर त्यांच्यावरून फिरवायला लागतो!

जंगलाच्या कडेला तिचं गाव. मासेमार ढिवरांची बेचाळीस घरं, आणि सगळ्यांचं पोट एका तळ्यावर. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात ते तळं आटलं. तळाला भेगा पडल्या, मासोळीचं नाव उरलं नाही. पाऊस आला, तळं भरलं, पण नुसत्या पाण्यानं कोणाचं पोट भरतं? चार कोसांवर वैनगंगेचा पूर काठच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, शिरतो. तिथं रोहू-कतला अंडी घालायला येतात. ती अंडी आणून तळ्यात सोडली तरच पुढच्या वर्षी जाळ्यात काही लागणार. नाहीतर अर्धी घरं बल्लारपूरच्या खाणीकडं निघणार होती. एक घर तर गाठोडं बांधूनच बसलं होतं, आणि ते गोकुळाबाईच्या थोरल्या पोराचं, इसरूचं होतं.

आता त्या गावची एक रीत होती. सालाची पहिली अंडी एकाच रांजणात आणायची. वाटायची नाहीत. अंडी वाटली की जात वाटली, आणि जात वाटली की तळं गेलं, असं जुनी माणसं सांगत. रीत राखायचं काम मुखियाचं, आणि मुखिया म्हणजे गोकुळाबाईचा नवरा डोमा. सरळ माणूस, पण एकदा नाही म्हणाला की बैलसुद्धा आधी हलेल.

पहिल्या पुराला त्यांनी गमछ्यांनी अंडी गोळा केली. साबुदाण्यासारखी, काचेसारखी स्वच्छ. माणसाच्या गुडघ्याएवढा रांजण गळ्यापर्यंत भरला, काठीला बांधला आणि आळीपाळीनं खांद्यावर घेत चार कोस चालत आणला. तळ्यावर झाकण काढलं तर सगळी अंडी पांढरी फटक. वास सुटला होता. वरवरची ओंजळभर तेवढी नितळ होती, तीही तासाभरात गेली. कोणी म्हणालं नदीमाय कोपली, कोणी म्हणालं खांदा देणाऱ्यात कोणी उष्ट्या तोंडाचा होता. डोमा चार दिवस तळ्याकडं फिरकलासुद्धा नाही.

गोकुळाबाईला मात्र राहवेना. ब्रह्मपुरीत घनश्याम मास्तरांकडं तिच्या सुक्या मासोळीचा रतीब होता. शाळेत विज्ञान शिकवायचे, भला माणूस, पण एक विचारलं की दहा सांगायचे. तिनं टोपली उतरवली आणि रांजणाची गोष्ट सांगितली.

"वरची वाचली, मधली मेली. काऊन जी मास्तर?"

मास्तर उठले, अंगणातली ओली माती घेतली आणि सुरीनं कापून आठ चौकोनी वड्या केल्या. फाशासारख्या, सगळ्या बाजू सारख्या. "एका वडीला बाजू किती?"

"सहा."

"आठ वड्यांना?"

तिचा अंगठा बोटांवरून फिरला. "बारा गंडे."

मास्तरांनी आठही वड्या एकमेकींना चिकटवल्या. एकच मोठी वडी झाली. "आता हिच्या अंगावरचे चौकोन मोजा. वारा लागतो तेवढेच."

तिनं फिरवून फिरवून मोजले. सहा गंडे! तिला वाटलं चूक झाली. पुन्हा मोजले. सहाच. माती तेवढीच, चिमूटभरही कमी नाही, आणि निम्म्या बाजू आत दडून गेल्या होत्या. तिनं हट्टानं मास्तरांचं अंगण उकरून चौसष्ट वड्या केल्या. सुट्या असताना शहाण्णव गंडे बाजू, चिकटवल्यावर चोवीस. मास्तरीण दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती.

"म्हंजे जितकं मोठं, तितका दम कमी," गोकुळाबाई म्हणाली. सुक्या मासोळीचं तिला ठाऊकच होतं. मोठा मासा अख्खा वाळत घातला तर आतून सडतो, चिरला तर वाळतो. पण त्यामागं असं बाजू मोजायचं गणित असेल हे कोणाच्या डोक्यात येतं?

मास्तर मग म्हणाले की जितं आहे ते सगळं अशाच बारक्या वड्यांचं बनलेलं असतं. त्यांना पेशी म्हणतात. झाड, मासा, माणूस, सगळे. पेशी मोठी झाली तर पोटात हवा पोचत नाही, म्हणून लहान राहते. आणि माशाचं अंडं सुरुवातीला एकच पेशी असतं.

"गप्पा नका मारू जी! त्या अंड्याले कोन सांगते लहान व्हाले?"

"दाखवतो," मास्तर म्हणाले.

बारा दिवसांनी दुसरा पूर चढला. सालातला बहुधा शेवटचा. सकाळी उन्हं वर आली तेव्हा बांध्यांत मासे उसळ्या मारत होते. मास्तर सायकलवर शाळेचं सूक्ष्मदर्शक पेटीत बांधून आले, चिखलात दोनदा पडून. गोकुळाबाईच्या सांगण्यावरून घरोघरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या, पण डोमा रांजण घेऊनच उभा होता.

"या बारीनं घागरीत नेऊ," गोकुळाबाई म्हणाली. "घरामागं एक, थोडीथोडी."

"रीत मोडाची नाई."

"रीत पाळून काय झालं ते पाह्यलं ना?"

चारचौघांत बायकोनं असं बोलावं? डोमाचं तोंड लाल झालं. हा पूर हातचा गेला की इसरू जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी माघार घेईना.

मास्तरांनी तेवढ्यात बांधावर पेटी ठेवली, आरसा आभाळाकडं फिरवला आणि काचेवर पाण्यासकट एक ताजं अंडं ठेवलं. आधी गोकुळाबाई वाकली. नितळ गोळा, त्याच्या डोक्यावर एक फुगवटा. बाकी काही नाही. ती डोळा हलवेना. पाय चिखलात रुतले, पाठ भरून आली, आणि मग त्या फुगवट्याच्या मधोमध एक चीर उतरली. कोणी सुरी धरली नव्हती. एकाचे दोन झाले.

"माय वो!" ती एवढंच म्हणाली.

थोड्या वेळानं दोनाचे चार. बरोबर एक गंडा! मग आठ. अंडं रतीभरही वाढलं नव्हतं, आतल्या आत स्वतःला वाटून घेत होतं. तिचा अंगठा आपोआप चालू लागला. सोळा, बत्तीस, चौसष्ट... अशाच दहा खेपा झाल्या तर दोनशे छप्पन गंडे. तळ्यावर पोचायच्या आत! आणि ही सगळी बेरीज डोळ्यापुढच्या एका साबुदाण्यात. आयुष्यभर ही अंडी तिनं गमछ्यानं निपटून काढली होती आणि आत काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

तिनं डोमाचा दंड धरला. "अवो, पाहा तरी. मंग नाई म्हना."

डोमा वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. शेवटी त्यानं डोळा काचेला तसाच ठेवून विचारलं, "रांजनातले... तेई असेच वाटून घेऊन राह्यले होते का?"

"हो जी," मास्तर म्हणाले.

"आन् आमी वरून झाकन लावलं."

तो सरळ उभा राहिला. जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ते नदीमायनं नाई मारले. कोनाच्या उष्ट्यानंई नाई. माह्या हुकमानं मेले. आना आपापल्या घागरी!"

बेचाळीस घागरी निघाल्या. प्रत्येकीत बोटभर थर, वर मोकळं पाणी, तोंडाला नुसतं ओलं फडकं. इसरूनं दोन उचलल्या. तळ्यात चार काठ्यांना जुनी लुगडी बांधून कुंडं केली होती, त्यांत अंडी सोडली. काही पांढरी पडली होतीच. पण बाकीची काचेसारखी होती.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला सारं गाव तळ्यावर. लुगड्यात पाणी थरथरत होतं. जवळ जाऊन पाहावं तर सुईएवढे, केसाएवढे जीव, शेपट्या मारत, हजारोंनी. बाया रडायला लागल्या. इसरू पाण्यात गुडघाभर उभा होता आणि त्याचं गाठोडं सुटलं का हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

डोमानं ओंजळ भरून वर घेतली. तिच्यात एकच पिल्लू आलं होतं, दोन काळे ठिपके डोळ्यांचे. मुखियानं ते सगळ्या गावासमोर बायकोपुढं धरलं.

"तू सांग," तो म्हणाला. "आता काय करू?"

"सोडा त्याले," गोकुळाबाई म्हणाली. "दम कोंडून राह्यला त्याचा."