काशाच्या वाटीवरचं नाव

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाव होतं. घागर, परात, तांब्या, दूध काढायची चरवीसुद्धा. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे जातात, म्हणून भांडं विकत घेतलं की दुकानातच छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घ्यायची पद्धत होती. पहिलीत असताना मी घागरीवरचं नाव बोट ठेवून वाचलं, तेव्हा आई चुलीपासून उठून आली. म्हणाली, "अजून एकडाव वाच." आई-वडील दोघांनाही वाचता येत नव्हतं. त्या दिवशी आईनं मला घरातलं एकेक भांडं वाचायला लावलं. सगळ्यांवर एकच नाव होतं, तरी ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकत होती.

सगळ्यांवर, असं मी आताही लिहून गेले. एक वाटी तिनं मला वाचायला दिली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला तीस वर्षं गेली.

मी जालन्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आई धाकट्या भावाकडे तीर्थपुरीला असते. मागच्या वर्षी भावानं स्वयंपाकघराची जुनी भिंत पाडून सिमेंटचा ओटा केला. भावजयीनं जुनी पितळी भांडी एका पोत्यात भरली आणि ते पोतं मोडीत द्यायचं ठरलं. मोडीत दिलं की दुकानदार भांडं वजनावर घेतो, त्यावर कोणाचं नाव आहे ते बघत नाही.

"मोडीत नको देऊ," मी भावाला म्हणाले. "मी लिलावात लावते. ऑनलाइन."

"लिलाव? मोंढ्यातल्या धान्यावानी?"

"तसाच. फक्त माणसं समोर नसतात."

"मंग बोली लावून पळून गेलं कुणी तर?"

"त्यासाठी नियम असतात."

"बघ बाई. भांडी खपली की माझाबी लिलाव कर. मी बी जुनाच माल हाये."

"तुला मोडीतच द्यावं लागंल," भावजय आतून म्हणाली.

आई त्या आठवड्यात माहेरी, केदारखेड्याला, एका लग्नाला गेली होती. पोतं मी तसंच एसटीत टाकून जालन्याला आणलं.

लिलावाचं काम मी अभ्यासासारखं शिकले. फोटो सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर काढायचा. भांडं चिंचेनं घासायचं, पण जुनेपणा जाईल इतकं नाही. पोचा, चीर, डाग असेल तर तो आपण होऊन सांगायचा. सुरुवातीची बोली कमी ठेवायची, म्हणजे माणसं जमतात. लिलाव शेवटच्या पाच मिनिटांतच होतो, तोवर लोक नुसते बघत असतात, आणि किती जण बघत आहेत ते आपल्याला दिसतं. वर्णन खरं असावं, हा पहिला नियम. वस्तू वर्णनासारखी नसेल तर घेणारा तक्रार करू शकतो, परत पाठवू शकतो, आणि आपल्या नावापुढची टक्केवारी खाली येते.

पहिली सात भांडी गेल्यावर माझ्या नावापुढे शंभर टक्के लागले. मी ते पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. मला आयुष्यात कशातच शंभर टक्के मिळाले नव्हते. घरी अभ्यास विचारायला कोणी नव्हतं, बारावीत मी जेमतेम फर्स्ट क्लासला पोचले, तेही आईनं दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाऊन माझी वह्या-पुस्तकं पुरी केली म्हणून.

पोत्याच्या तळाशी एक काशाची वाटी होती. ती मी ओळखली. ताप आला, पायांची आग व्हायला लागली की आई तेल लावून हिनं माझे तळपाय घासायची. वाटीचा गुळगुळीत तळ काळा पडेपर्यंत घासायची. मी वरून आणि खालून फोटो काढले. वर्णनात लिहिलं, "काशाची जुनी वाटी, कडेला नाव घातलेलं आहे." विकावी की नाही, असा विचार मनात आला. पण पोतं आईच्या घरून आलं होतं, तिला नको असेल म्हणूनच त्यात असेल, अशी मी समजूत करून घेतली. ती तेव्हा घरी नव्हती, हे मला माहीत होतं.

लिलाव संपायच्या आदल्या दिवशी एकानं विचारलं, "नाव काय आहे?"

वाटी माझ्या टेबलावरच होती. ठिपक्यांत मळ बसून अक्षरं काळी झाली होती. मी ती हातात न घेता उत्तर दिलं, "आमच्या आजोबांचं."

वाटी त्याच गृहस्थांनी घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून मी पोस्टात टाकली. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. फोनच्या पडद्यावर पहिलेच शब्द दिसले, "आपलं वर्णन चुकीचं आहे." मी निरोप उघडलाच नाही. उघडला की उत्तर द्यावं लागेल, मग तक्रार, मग टक्केवारी. शाळेत नापास झालेल्या पोरी प्रगतीपुस्तक दप्तरात दडवायच्या, तसं मी ते दडवलं. भांडी संपली होती. मी ते अॅप उघडणंच बंद केलं.

उन्हाळा लागला. एका रविवारी तीर्थपुरीला गेले तर आई नव्या ओट्याखालचे डबे काढून बसली होती.

"बाई, माझी वाटी पाह्यली का गं?"

"कोणती?"

"काशाची. कोनाड्यात ठिवली व्हती. पायाची लई आग होऊन राह्यली."

"ती पोत्यात आल्ती आई. गेली ती."

"मोडीत?"

"न्हाई. एकानं विकत घेतली."

आईनं एक डबा बंद केला, मग दुसरा. भावजय म्हणाली, "माझ्याच हातानं गेली असंल आत्याबाई, कोनाडा पाडताना." आई मला म्हणाली, "तिच्यावर नाव व्हतं."

"आजोबांचं ना?"

"न्हाई," ती म्हणाली आणि मागच्या अंगणात तूर निवडायला गेली.

मी तिथेच उभ्या उभ्या तो निरोप उघडला.

"आपलं वर्णन चुकीचं आहे. वाटीवर आजोबांचं नाही, एका मुलीचं नाव आहे, आणि खाली 'मामाकडून' असं आहे. बारशाची भेट असावी. माझी तक्रार नाही. मी नावं घातलेली भांडी जमवतो आणि ज्यांचं नाव असेल त्यांच्याविषयी दोन ओळी वहीत लिहून ठेवतो. ही मुलगी कोण? कळवाल का?"

मधे ते नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते पुष्कळ लोकांच्या पडद्यावरून गेलं आहे.

माझ्या आधी एक मुलगी होती एवढं मला माहीत होतं. आत्या एका लग्नात म्हणाली होती, "हिच्या आधीची असती तर आज तिची पोरं खेळली असती," आणि कोणीतरी लगेच वाढप्याला हाक मारली होती. मी थोरली म्हणून वाढले. भाऊ मला ताई म्हणतो. त्या मुलीचं नाव मी कधी विचारलं नाही. मरताना तिला नाव असेल, हाच विचार मी केला नव्हता.

मी अंगणात गेले. आई पाठमोरी बसली होती. मी काय सांगणार होते ते विसरले आणि फक्त ते नाव तोंडातून बाहेर पडलं.

"ओ," आई म्हणाली.

ती वळली नाही. सुपातले तिचे हात थांबले. कुणी दुरून हाक मारावी आणि पोर खेळत असल्यामुळे आईनं तिच्या वतीनं ओ द्यावी, तशी ती ओ होती. मग तिनं विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

मी निरोप वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा वाचायला लावला, नाव येईपर्यंतच.

"चार वर्षांची व्हती," ती म्हणाली. "अंग तापलं. पायाला हात लावू देईना इतके गरम. मी तिच्याच वाटीनं तिचे पाय घासले. दवाखान्यात नेस्तोवर घासत व्हते बैलगाडीत. मंग तुझ्या आजीनं सांगितलं, हिचं नाव घरात घ्यायचं न्हाई. नाव घेतलं की ती ओ देती अन् मागच्या लेकराला धरती. तू पोटात व्हतीस."

"म्हणून मला ती वाटी वाचायला दिली न्हाईस?"

"तू वाचत सुटली व्हतीस समदं."

तेव्हा मला कळलं की माझे पाय घासताना तळ माझ्या पायाखाली असायचा आणि कडेचं नाव आईच्या तळहाताखाली. प्रत्येक तापात. ती तोंडानं नाव घेत नव्हती.

मी त्या गृहस्थांना त्याच दुपारी लिहिलं. वाटी परत द्या, वस्तू वर्णनासारखी नाही अशी तक्रार करा, माझी टक्केवारी जाऊ द्या. त्यांचं उत्तर सभ्य होतं. महिना वाट पाहिली, असं त्यांनी लिहिलं होतं. ज्या नावाची माहिती मिळत नाही ते भांडं ते ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी वाटी पुन्हा लिलावात लावली आणि ती गेली. घेणाऱ्याला त्यांनी माझा निरोप पोचवला, पण उत्तर नाही. तक्रार त्यांनी केली नव्हती. माझे शंभर टक्के आजही शंभर आहेत.

त्या अॅपवर एक सोय आहे. हवी ती वस्तू लिहून ठेवली, की तशी वस्तू लिलावात आल्यावर फोन वाजतो. मी तिथे तिचं नाव लिहिलं आणि आईलाही ते सांगितलं.

तेव्हापासून ती येत राहते. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्का मारताना, अंबडच्या पुढे एसटी खड्ड्यात आदळताना फोन वाजतो आणि पडद्यावर तिचं नाव उमटतं. ज्या घरात ते तीस वर्षांहून जास्त काळ उच्चारलं गेलं नाही, त्या घरातल्या पोरीच्या हातात ते आपोआप उजळतं. त्या काळी हे नाव पुष्कळ मुलींचं होतं. कधी फुलपात्र येतं, कधी कुंकवाचा करंडा, कधी अत्तरदाणी. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघते. आपली नाही, असं दिसलं तरी तो लगेच बंद करवत नाही.

दिवाळीनंतर एक काशाची वाटी आली. तेच नाव. खाली 'मामाकडून' नव्हतं. आपली नाही, हे मला पहिल्या फोटोतच कळलं. तरी मी बोली लावली. आईला वाचता येत नाही, असा विचार माझ्या मनात आला, तो मी इथे लपवत नाही. माझं पहिलं वाचन ऐकायला चुलीपासून उठून आलेल्या बाईबद्दल मी असा विचार केला.

लिलाव दुपारी संपणार होता. मी देवघेवीच्या खिडकीत होते. शेवटच्या मिनिटात कोणीतरी बोली वाढवली, मी वाढवली, त्यानं पुन्हा वाढवली.

"मॅडम, पुस्तक जमा करायचंय," खिडकीबाहेरची मुलगी म्हणाली.

"थांब जरा."

"बस जाईल मॅडम, बदनापूरची."

मी एका हातानं तिचं पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या हातानं बोली लावली. वाटी मला मिळाली. कोणाचा तरी जीव त्या वाटीत माझ्यासारखाच अडकला असेल आणि मी त्या माणसाला हरवलं असेल, हे सुचलं ते संध्याकाळी.

रविवारी मी वाटी आईच्या हातात ठेवली. "सापडली," म्हणाले.

आईनं ती पालथी घातली नाही, उजेडात धरली नाही. अंगठा कडेवरून एकदा फिरवला, जिथे अक्षरं संपतात तिथे थांबवला.

"ही तिची न्हाई."

"काहून?"

"तिच्या नावाला शेवटी एक ठिपका जास्तीचा व्हता. तुझा मामा दुकानात नाव घालून घेत व्हता, ही माझ्या कडेवर. हातोडीच्या आवाजानं किंचाळली अन् त्या माणसाचा हात सरकला. मामा त्याच्यासंगं भांडला. मी म्हणलं असू दे, वळखू येईल." ती माझ्याकडे बघत होती. "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मला वाचता येत न्हाई म्हणून?"

मी मान खाली घातली. भावजय भाकरी थापायची थांबली होती.

"नाव तर तेच हाये ना?" आईनं विचारलं.

"तेच आहे."

"मंग ही बी कुणाची तरी लेक हाये."

"परत पाठवू का?"

"नको. हिला घरातल्यांनीच बाहेर काढली. अजून किती फिरवायची?" तिनं पदरानं वाटी पुसली आणि तेलाची बाटली ओढली. "पाय दे."

"मला काय झालंय?"

"दे म्हणते ना."

मी ओट्याला टेकून पाय पुढे केला. ती वाटी नवखी होती, तळाला एक बारीक ओरखडा होता, तो पायाला कळत होता. आईचा तळहात कडेवर घट्ट बसला होता. ओठ हलत होते. ती मोठ्यानं नाव घेत नव्हती, पण आता लपवतही नव्हती.

फोन वाजला. आईचा हात थांबला.

"ती हाये का?"

हे आता ती नेहमी विचारते. मी गावी असले आणि फोन वाजला, की हातातलं काम सोडून.

मी पडदा बघितला. "न्हाई आई. गॅसचा मेसेज आहे."

"बरं," ती म्हणाली आणि माझा दुसरा पाय ओढून घेतला.