आलेइदाच्या सोबतीला कोण?

काली शहराच्या आमच्या भागात एखाद्या बाईने ऑपरेशन करून छाती भरून घ्यायचं ठरवलं की ती आधी डॉक्टर शोधते आणि मग आलेइदाला. डॉक्टर एखादवेळी बदलतो, आलेइदा बदलत नाही. क्लिनिकचा नियम असा की सोबतीला माणूस असल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर घेत नाहीत आणि सोबतीच्या माणसाने सही केल्याशिवाय घरी सोडत नाहीत. नवऱ्यांना नेमकी त्याच दिवशी कामं निघतात. आया रागावलेल्या असतात, बहिणी जळत असतात. आलेइदा रियास्कोस मात्र एकटी, मोकळी, आणि नाही म्हणायला कधी न शिकलेली.

दुपार कलली की ती चर्चच्या कोपऱ्यावर बसायची. शेजारी उकडलेल्या चोंतादुरोंचं मोठं पातेलं. ती केशरी फळं सोलायची, वर मीठ आणि मध टाकायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पण निम्म्या बायका फळाच्या निमित्ताने सल्ला घ्यायला यायच्या. आलेइदा सुरीवरची नजर न काढता सगळं सांगायची.

"आधी विचार, तो खरंच प्लास्टिक सर्जन आहे का. कागद बघायला माग. लाजू नकोस, तो तुला उघडी बघणार आहे, तू त्याचा कागद बघायला काय हरकत आहे? भूल द्यायला वेगळा डॉक्टर असतो का विचार. नसेल तर पाया पडून परत ये."

"आणि दुखतं का हो?"

"दुखतं. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. सिगारेट आजपासून बंद, नाहीतर जखम भरत नाही. बोंडांची जाणीव कमी होते कुणाकुणाची, परत येईलच असं नाही. पुढे मूल झालं तर दूध येईल का, तेही आत्ताच विचारून घे. आणि हे जन्मभराचं नसतं, राणी. काही वर्षांनी बदलावं लागतं, मध्ये मध्ये तपासावं लागतं. एकदा केलं आणि सुटले, असं समजू नकोस."

हे ऐकून एखादी घाबरून परत गेली तर आलेइदाला वाईट वाटत नसे. जी राहायची तिच्या घरी ती आदल्या संध्याकाळी जायची. वरच्या फळीवरचे कप, साखर, तेल सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवायची, कारण पुढचे कितीतरी दिवस हात खांद्यावर न्यायचे नसतात. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायची. आरामखुर्चीत उशा रचायची, तिथेच पाठ टेकून झोपायचं असतं. आणि सगळ्यात शेवटी त्या बाईला समोर बसवून तिच्या केसांच्या बारीक बारीक घट्ट वेण्या घालायची. आमच्या बायकांचे दाट कुरळे केस असे की रोज हात लावावा लागतो, आणि हात तर वर जाणार नाही. नंतर आलेइदाच येऊन त्या वेण्या सोडायची, केस धुवायची, पुन्हा घालायची. एखादीने सवयीने डोक्याकडे हात नेला की लगेच म्हणायची, "हात खाली." पुढे गल्लीतल्या बायका एकमेकींनाही तिच्याच आवाजात म्हणू लागल्या, हात खाली.

आता एवढ्या बायकांच्या छात्या सांभाळणाऱ्या आलेइदाला काय म्हणत असतील? फळी. अगदी पोरवयापासून फळी. पुढून फळी, मागून फळी, सुतार विसरून गेला. आलेइदा सगळ्यांत मोठ्याने हसायची. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा थाटात करतात, मुलगी त्या दिवशी बाई होते. "माझ्या पंधराव्या वाढदिवसाला करून घेणार आहे," असं ती पन्नाशी आली तरी म्हणायची, आणि गल्ली दरवेळी हसायची. हा विनोद तिनेच एवढा वापरला होता की त्याच्या मागे काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

होतं. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा नाचायला गेली होती तेव्हापासून होतं. कुणासाठी करून घ्यायचं, हा प्रश्न तिने स्वतःला कितीदा विचारला होता, आणि उत्तर दरवेळी तेच यायचं: कुणासाठी नाही. आंघोळ करून आरशासमोर उभं राहायचं आणि वाईट वाटून घ्यायचं नाही, एवढंच. हे लोकांना सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. शेवटी या वर्षी तिने गुपचूप डॉक्टर गाठला, त्याचा कागद बघितला, तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरने विचारलं, सोबत कोण येणार? ती म्हणाली, "आहे माझी मैत्रीण."

मैत्रीण म्हणजे समोरच्या घरातली मार्लेनी आंगुलो. मार्लेनीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा नवरा नुकताच दुसरीकडे राहायला गेला होता. तीन आठवडे आलेइदाने तिला भरवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचं रडणं ऐकलं होतं. त्यानंतर मार्लेनी सुधारली, छान दिसू लागली, ब्यूटी पार्लर टाकलं आणि बोलण्यात पटाईत झाली.

आलेइदाने तिला कोपऱ्यावरच सांगितलं, चार बायका उभ्या असताना. एकटी गाठून सांगायची हिंमत झाली नाही.

"पुढच्या गुरुवारी मी करून घेतेय. येशील सोबत?"

"पंधरावा वाढदिवस आला वाटतं!" मार्लेनी म्हणाली, आणि बायका खिदळल्या.

"खरंच सांगतेय."

"मग खरंच येते की. बँडवाले घेऊन येते. फळीचं कपाट होणार आहे, वाजतगाजत नको जायला?"

आलेइदाही हसली. हसताना तिने सुरी खाली ठेवली होती, पण ते कुणी बघितलं नाही. येते असं मार्लेनी म्हणाली होती, हे तर खरं होतं. दुसऱ्यांदा विचारायला काय लागत होतं? रस्ता ओलांडायचा आणि दार ठोठावायचं. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं, आणि आलेइदाला त्याचीच भीती होती. तो 'येते' शब्द तिने तसाच जपून ठेवला.

बुधवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातले कप खाली आणले. झाकणं सैल केली. सूप करून डबे भरले. आरामखुर्चीत उशा रचल्या, पुढून बटणं असलेला ब्लाउज खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग आरशासमोर बसून स्वतःच्या वेण्या घालायला घेतल्या. पुढच्या झाल्या. मागचा भांग हाताच्या अंदाजाने पाडला. दिसत नव्हता, पण सरळ गेला नाही हे बोटांना कळत होतं. मोडून पुन्हा पाडवेना, हात भरून आले होते. तिला तेव्हा एकदम एवढं एकटं वाटलं की ती कंगवा हातात धरून तशीच बसून राहिली.

सकाळी ती पिशवी घेऊन पायरीवर उभी राहिली. समोर मार्लेनीचं दार बंद होतं. आत रेडिओ चालू होता, म्हणजे ती जागी होती. आलेइदा थोडा वेळ थांबली. मनाशी म्हणाली, ती परस्पर तिकडेच येईल. आणि चालू लागली.

क्लिनिकच्या काउंटरवर यामिलेथ होती, कितीतरी वर्षांची ओळख. तिने मान वर करून हसून विचारलं, "या आलेइदाबाई. पेशंट कुठंय आज?"

"मीच."

यामिलेथने आधी तिच्या मागे दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अय्या. बरं बरं. छानच की. मग सोबतीला कोण आहे?"

"येतेय."

ती नेहमीच्या खुर्चीत बसली. भिंतीला टेकलेली, दारासमोरची, तिथून कोण बाहेर आलं ते आधी दिसतं. बसल्यावर लक्षात आलं की ही सोबतीच्या लोकांची खुर्ची आहे. उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. पोटात अन्न नव्हतं, पाणीही प्यायलेलं नव्हतं. फोन मांडीवर होता. एकदा उचलून कानाला लावला, कुणाचाही नंबर न लावता, फक्त यामिलेथला दिसावं म्हणून. "हो हो, ये सावकाश," असं त्यात म्हणाली. ह्याची लाज तिला नंतर फार दिवस वाटली.

तिच्या मागून आलेली एक मुलगी आईबरोबर आत गेली. मग आणखी एक गेली. यामिलेथने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुपारी ती काउंटरमागून उठून आली आणि तिने आलेइदाच्या हातात दूध घातलेल्या कॉफीचा कप दिला. भूल घ्यायची असते त्याला कॉफी देत नाहीत, हे आलेइदाला कुणी सांगायला नको होतं.

"दुसरी तारीख देते," यामिलेथ हळूच म्हणाली. "आधी माणूस नक्की करा हं."

आलेइदाने कॉफी पूर्ण प्यायली. भूक लागली होती.

संध्याकाळी मार्लेनी न विचारता आलेइदाच्या घरात आली, हातात एम्पानादांची, तळलेल्या तिखट करंज्यांची पुडी. "कुठं उलथली होतीस? कोपऱ्यावर लोक खोळंबलेत, मला विचारतायत, फळी मेली का म्हणून. गरम आहेत, खा. कप कुठे ठेवलेस?"

तिने वरचं कपाट उघडलं. रिकामं. दुसरं उघडलं, तेही रिकामं. मग तिची नजर खाली स्टुलावर ओळीने मांडलेल्या कपांकडे गेली, सैल झाकणांकडे, उशा रचलेल्या खुर्चीकडे. हे स्वयंपाकघर तिने आधी बघितलेलं होतं. तिच्या ऑपरेशनच्या वेळी तिचं स्वतःचं असंच होतं, आणि ते ह्याच बाईने मांडून दिलं होतं.

"कधी आहे?" तिने विचारलं.

"आज होतं."

पुडीतून तेल मार्लेनीच्या बोटांवर उतरत होतं.

"दार का नाही ठोठावलंस, आलेइदा?"

"तू येते म्हणाली होतीस."

आलेइदा उठली आणि स्टुलावरचे कप उचलून वर ठेवू लागली. ती पाठमोरी झाली तेव्हा मार्लेनीला तिचं डोकं दिसलं. मागचा भांग कानाकडे वाकडा गेला होता, दोन वेण्या जाड, एक अर्धवट सुटलेली.

"राहू दे ते कप खालीच," मार्लेनी म्हणाली. "इकडे ये. बस."

तिने हात धुतले, कंगवा शोधला, आलेइदाला आरामखुर्चीपुढच्या पाटावर बसवलं आणि मागची पहिली वेणी सोडायला घेतली. तिची बोटं पार्लरमधल्यासारखी भराभर चालत नव्हती. आलेइदाला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच विचारता आलं.

"मार्लेनी, गंमत नाही. खरं सांग. पुढच्या वेळी येशील का?"

नकळत आलेइदाचा हात डोक्याकडे गेला, सुटलेले केस चाचपायला. मार्लेनीने तो मनगटाशी धरला आणि सावकाश तिच्या मांडीवर आणून ठेवला.

"हात खाली," ती म्हणाली.