रेटिनॉलची दुसरी बाटली

कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी सीरम घ्यायचं म्हणून सुनेला घेऊन मी पूर्णेतल्या मेडिकलवर गेले. एका बाटलीवर तारुण्य परत देण्याचा वायदा छापला होता. एवढं मोठं आश्वासन तर आमचे पुढारीही देत नाहीत.

"पहिल्यांदाच लावायलात ना मावशी? मग हे कमी ताकदीचं रेटिनॉल घ्या. आठवड्यातून दोनदा, रात्री," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

सुनेनेही स्वतःसाठी तसलीच दुसरी बाटली उचलली.

"ताई, दिवस गेले असतील तर हे लावायचं न्हाई बरं का," बाई तिला म्हणाल्या.

सुनेने बाटली गुपचूप परत ठेवली. मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"आत्याबाई, आज घरी सांगणारच होते," ती पुटपुटली.

वय कमी करायला आलेली मी उभ्या उभ्या आजी झाले होते.

"मावशी, मग एकच बांधू ना?" बाईंनी विचारलं.